इंचभर पांढरं

आमच्या दिवाणखान्यात बाबांचा एक फोटो आहे. पांढरा मनिला, काळी पँट, एक हात फियाटच्या बॉनेटवर. गाडीच्या नाकावर झेंडूची माळ, मागे आमच्या पुण्यातल्या एरंडवण्याच्या घराचं फाटक. साल १९७३. गाडी १९६६ ची, ११०० डिलाइट, एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतलेली. त्या फोटोत गाडीच्या चाकांना पांढरं कडं आहे. काळ्या टायरवर बोटभर रुंदीची पांढरी पट्टी. लहानपणापासून मी तो फोटो बघत आलेय, त्यामुळे फियाट म्हटलं की मला आधी ते कडंच दिसतं, मग गाडी.

बाबा गेल्यावर गाडी अकरा वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. भाऊ बेंगळुरूला असतो, त्याचं म्हणणं विकून टाक. मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि गाडी बाहेर काढली. इंजिनाचं रामायण वेगळंच आहे, ते इथे नको. चार महिन्यांनी मिस्त्रींनी सांगितलं, "ताई, गाडी चालू आहे, पण या टायरवर मी फाटकाबाहेर नेणार नाही."

मला ते टायर बरे वाटत होते. नक्षी चांगली होती. मिस्त्री खाली बसले, टायरच्या बगलेत अंगठा रोवला आणि कडेचं रबर ताणून दाखवलं. पुस्तकाचं जुनं बाइंडिंग उघडावं तशा बारीक भेगा उघडल्या, आत कापडाचे धागे. "नक्षी बघू नका, बगल बघा," म्हणाले. शिवाय एका जागी उभं राहून टायर खालून चपटे झाले होते. चाक फिरवलं की प्रत्येक फेऱ्यात एक ठेच.

मी ठरवलं, घ्यायचेच आहेत तर फोटोतल्यासारखे घेऊ. पांढऱ्या पट्टीचे.

टिळक रोडच्या बाजूला एका टायरच्या दुकानात गेलो. मी प्रश्न विचारायचा आणि दुकानदारानं उत्तर माझ्या नवऱ्याला द्यायचं, असं सुरू झालं. आमचे हे संस्कृत शिकवतात, गाडीतलं त्यांना फक्त हॉर्न कळतं. "साहेब, ५.२०-१४ नायलॉन आता कोण ठेवणार? मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी गेल्या, गिऱ्हाईकच गेलं." ५.२० इंच टायरची रुंदी, १४ इंच रिम, आणि नायलॉन म्हणजे नायलॉनच्या धाग्यांचा जुन्या पद्धतीचा टायर. हे त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. पद्मिनी म्हणजे आमच्या डिलाइटचीच धाकटी बहीण, चाकाचं माप तेच. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरात झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. हजारो टॅक्सींना लागणारं माप आता हौशी लोकांचं झालं.

"आणि पांढऱ्या पट्टीचा?" मी विचारलं. तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, ते आता कोणी लावत नाही. आता सगळं काळं चालतं. टायर काळा, रिम काळी, लोक लोगोसुद्धा काळा करून घेतात. तुम्ही अलॉय टाका, मस्त दिसेल." त्याच्या दुकानातल्या मुलानं मोबाइलवर एक पद्मिनी दाखवली. खाली बसवलेली, रुंद टायर, काळ्या रिमा. मुलगा खरंच हरखून दाखवत होता, म्हणून मी काही बोलले नाही. माझ्या डोळ्यांना ती गाडी गुडघे मोडून बसल्यासारखी दिसली.

त्यानं सुचवलेला टायर मात्र बरोबर होता. स्विफ्टच्या साध्या मॉडेलला येतो तो १६५/८० आर १४, कुठल्याही दुकानात मिळतो. 'आर' म्हणजे रेडियल, हल्लीच्या पद्धतीचा टायर; १६५ मिलिमीटर रुंदी, बगलेची उंची तिच्या ऐंशी टक्के. मी बिलाच्या पाठीमागे हिशेब केला. १६५ चे ऐंशी टक्के १३२ मिलिमीटर, त्याची दुप्पट २६४, अधिक चौदा इंची रिमचे ३५६. म्हणजे उंची ६२० मिलिमीटर. जुना नायलॉन साधारण ६०५ च्या आसपास. दोन-अडीच टक्क्यांचा फरक, म्हणजे स्पीडोमीटर थोडं कमी सांगणार. आमच्या गाडीचं स्पीडोमीटर तसंही मनाला येईल ते सांगतं. चारी चाकं आणि स्टेपनी, ट्यूबसकट घेतली. नवे टायर लागल्यावर गाडी सरळ चालायला लागली, कारण नायलॉनवर ती रस्त्यातली प्रत्येक चर शोधत जायची. फक्त जागेवर स्टिअरिंग वळवायला दंड लागतात.

पण टायर काळे ते काळेच.

नाना पेठेत "व्हाइट वॉल" मागितलं की लगेच मिळतं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. टायर नव्हे, नुसती रबराची पांढरी रिंग. टायर सोडवायचा, रिंग रिमच्या कडेवर बसवायची, वरून टायर चढवून हवा भरायची. टायरचा काठ रिंगला रिमवर दाबून धरतो आणि बाहेरून चाक पांढरं दिसतं. चार रिंगांचे दोन हजार दोनशे झाले. अडचण एकच, रिंग तीन इंच रुंद. मी पातळ मागितली. "पातळ येत नाही मॅडम, लोकांना भरपूर पांढरं लागतं. लग्नाच्या गाड्यांना हेच जातं."

लावल्यावर फियाट वरातीला निघाल्यासारखी दिसायला लागली. आई गॅलरीतून म्हणाली, "बँडवाले कुठायत?" तरी म्हटलं डोळ्यांना सवय होईल. रविवारी खडकवासल्याला जाऊन आलो. येताना धायरीच्या अलीकडे मागून फटफट आवाज यायला लागला. पंक्चर म्हणून उतरले, तर मागच्या डाव्या चाकाची रिंग अर्धी बाहेर येऊन कानासारखी फडफडत होती.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या मामांकडे चाक काढलं. त्यांनी रिंग उचलली आणि मला बोट फिरवायला सांगितलं. आत सिंहगड रोडची बारीक वाळू अडकली होती, काळ्या पुडीसारखं रबर निघालं होतं, आणि नव्या टायरच्या बगलेवर गोल चर पडली होती, नखाला लागण्याइतकी. रेडियल टायरची बगल पातळ आणि मऊ असते, प्रत्येक फेऱ्यात ती फुगते आणि बसते. नायलॉनची बगल जाड आणि ताठ. या रिंगा त्या ताठ टायरांच्या जमान्यातली युक्ती. रेडियलवर रिंग आणि बगल एकमेकींना घासतात, मध्ये वाळू गेली की पॉलिशपेपरच तो. चाळीस किलोमीटरमध्ये एवढं, तर पावसाळ्याअखेर काय झालं असतं! मामांनी चारही रिंगा काढल्या आणि एक मागून घेतली. त्यांच्या दुकानाच्या पाटीभोवती ती आजही आहे, आणि तिथे ती छान दिसते.

तीन इंच का खटकत होतं, याचा मी तोपर्यंत शोध घेतला होता. गंमत अशी की टायर मुळात पांढरटच होता. रबर फिकट, त्यात झिंक ऑक्साइड घातलेलं. मग कळलं की काजळी घातली की रबर कितीतरी जास्त टिकतं, म्हणून रस्त्याला लागणारा भाग काळा झाला आणि बगल पांढरी राहिली. म्हणजे पांढरी बगल ही सुरुवातीला काटकसर होती आणि पूर्ण काळा टायर श्रीमंती, कारण तो धुवावा लागत नसे! पुढे अमेरिकेत ते उलटलं. १९३४ साली फोर्डनं पांढऱ्या बगलेचे टायर सव्वाअकरा डॉलर जास्त घेऊन द्यायला सुरुवात केली आणि पांढरं म्हणजे थाट झाला. पन्नासच्या दशकातल्या लांबलचक गाड्यांना अडीच-तीन इंच पांढरं असायचं. १९६२ च्या मॉडेलांपर्यंत ते आक्रसून इंचभरावर आलं. पुढे पट्टीही गेली आणि पुन्हा काळं ते भारी. टिळक रोडचा तो मुलगा काही नवीन सांगत नव्हता.

तर पट्टीची रुंदी म्हणजे गाडीचं वय. नऊवारी आणि पाचवारी पाहून फोटोचा काळ ओळखावा तसं. डुक्कर फियाटला, म्हणजे त्या जुन्या गोलसर फियाटला, तीन इंच शोभेल, ती पन्नासच्या दशकातली. आमची सहासष्टची, चौकोनी अंगाची, तिला इंचभरच हवं. बाबांच्या फोटोत तेवढंच आहे. पण आता ज्यांना "जुनी गाडी" हवी असते त्यांना एकच जुनं माहीत असतं, सिनेमातलं, आणि ते तीन इंचांचं असतं. म्हणून बाजारात तेच.

मग जुना बाजार. बुधवार-रविवार भरतो. तीन रविवार गेले. तिसऱ्या वेळी कुलूप-किल्ल्यांच्या ढिगाशेजारी पितळी नळ आणि त्यांना टेकवलेला एक टायर. चौदा इंची, इंचभर पट्टी, पिवळी पडलेली पण खरी, रबरातच भरलेली. मला उभ्या जागी घाम फुटला. विकणाऱ्याला माझा चेहरा दिसला असणार, कारण त्यानं तीन हजार सांगितले. एकाच टायरचे. बाराशेला घेऊन आले. मामांनी त्यावर नख दाबलं, वळ उठेना. मग त्यांनी तो जमिनीवर आपटला आणि पाट पडल्यासारखा आवाज आला. "हा टायर नाही हो, लाकूड आहे." हल्लीच्या टायरवर चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. दोन हजार सालाआधी तीनच आकडे असायचे आणि दशक आपण ओळखायचं. यावर तेही नव्हते. शेडमध्ये खुंटीला टांगलाय.

बाहेरून मागवायचं म्हटलं तर जुने साचे वापरून असे टायर नव्यानं काढणाऱ्या कंपन्या अमेरिकेत आहेत. चौदा इंचांत मला पट्टीचे सापडले ते १८५/७५ चे, म्हणजे उंची ६३३. फियाटच्या मडगार्डात ते वळताना घासणार. आणि सापडले असते तरी जून २०२० मध्ये सरकारनं गाड्यांच्या नव्या टायरची आयात खुली होती ती निर्बंधित केली, परवान्याशिवाय येत नाहीत. वर आयएसआयचा शिक्का लागतो. चार टायरसाठी कोण तो मिळवणार? तो नाद तिथेच सोडला.

एव्हाना भाद्रपद आला होता. आईला पुढच्या महिन्यात ऐंशी लागणार होती, म्हणून बाबांचा फोटो मोठा करून घ्यायचं ठरलं. निगेटिव्ह सापडली, आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याची, सहा बाय सहाची ती मोठी चौकोनी. लक्ष्मी रोडजवळच्या स्टुडिओतल्या मुलानं ती स्कॅन करून पडद्यावर मोठी केली. मी बाबांचा चेहरा बघायचं सोडून चाक मोठं करायला सांगितलं.

पट्टी गोल नव्हती. व्हॉल्वच्या वरच्या बाजूला जाड होती, खाली पातळ. टायरवरच्या उठावाच्या अक्षरांवरून ती सरळ गेली होती, अर्धं अक्षर पांढरं, अर्धं काळं. आणि मडगार्डाच्या सावलीत एक ओघळ होता. छोटा, पण ओघळच.

घरी येऊन आईला विचारलं. ती वाती वळत होती.

"रंगवायचे की ते. दर दसऱ्याला. खंडेनवमीच्या संध्याकाळी बसायचे पाट घेऊन."

"कशानं?"

"तुमच्या पीटीच्या बुटांना लावायचो ते पांढरं. म्हणून तर ते कायम संपलेलं असायचं. आणि पाऊस आला की गाडीखाली दूध सांडल्यासारखं."

"मी सहा महिने काय शोधतेय ते तुला दिसत होतं ना?"

"तू टायर शोधत होतीस. पट्टी कुठून आली, हे कधी विचारलंस?"

फोटोतली झेंडूची माळ मी पन्नास वर्षं बघत होते. दसऱ्याचा फोटो आहे हे कुणीही सांगितलं असतं.

आता मला रंगच हवा होता, पण पावसात न वाहणारा. बोहरी आळीतून तीन रंग आणले आणि जुन्या ट्यूबचे पट्टे कापून त्यांवर लावले. दोरीवर चिमट्यांनी वाळत घातले. चौथ्या दिवशी पट्टे दुमडून पाहिले. ऑइलपेंट कुरडईसारखा तडकला. भिंतीचा बाहेरचा रंग अखंड सालीसारखा सुटून आला. तिसरा, रबरावर लावायचा, वाकला आणि परत सरळ झाला, रेघही नाही. दुकानदारानं तो मी नको म्हणत असतानाही दाखवला होता, महाग म्हणून.

पहिलं चाक तरीही बिघडलं. रंग लावला की जागोजागी माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडायची, रंग तिथून मागे सरायचा. मामांनी विचारलं, "दुकानात पॉलिश मारून दिलं होतं का?" दिलं होतं. फुकट, चमकायला. त्यातलं सिलिकॉन रबरात मुरतं आणि वर काही धरू देत नाही. भांड्यांच्या साबणानं आणि ब्रशानं तीनदा धुतलं, थिनरचं फडकं फिरवलं, चारशे नंबरच्या पॉलिशपेपरनं पाणी लावून नुसती चकाकी मारली. त्यापुढे घासायचं नाही, बगल पातळ असते.

जागा कुठे धरायची हा पुढचा घोळ. हल्लीच्या टायरच्या बगलेवर वर्तमानपत्राएवढा मजकूर असतो. माप, भार, वेग, प्लाय, इशारे. रिमच्या बाजूला एक सपाट पट्टा मिळाला, पण तो अठरा मिलिमीटरच. इंचाला सात कमी. पलीकडे तारखेचे आकडे होते, ते मला झाकायचे नव्हते. घेतला तेवढाच.

वर्तुळासाठी कंपास नाही, कुंभाराची रीत. पुढचं चाक जॅकवर उचललं. मी विटांच्या चळतीवर हात टेकवून खडू टायरला धरला, हात हलवायचाच नाही. ह्यांनी चाक हळूहळू फिरवलं. एका फेरीत अशी रेघ आली की मी दोनदा पाहिली. मग खडूच्या जागी ब्रश. मागची चाकं गाडीवर नीट फिरेनात, म्हणून ती काढून पुढच्या हबवर बसवून रंगवली. तीन पातळ हात, प्रत्येकामध्ये एक रात्र. ह्यांनी मध्येच चाक उलटं फिरवलं आणि तिसऱ्या चाकावर एक ओघळ आला. पुसायला फडकं उचललं, आणि राहू दिलं.

दसऱ्याला माळ घातली, आईला पुढे बसवलं, कर्वे रोडनं एक चक्कर मारली. ती उतरली आणि काठी टेकत चाकाजवळ जाऊन वाकून बघत राहिली. "ह्यांच्यापेक्षा सरळ आलीय," म्हणाली. थोड्या वेळानं, "जरा जास्तच सरळ आहे."

दिवाळीपर्यंत पट्टीवर चहाचा डाग पडावा तशी पिवळट छटा आली. काळं रबर तडकू नये म्हणून त्यात घातलेले तेलकट पदार्थ हळूहळू वर येतात आणि पांढऱ्यातून पाझरतात. कारखान्यातल्या खऱ्या पट्टीखाली ते अडवणारा थर असतो, माझ्या पट्टीखाली नाही. अर्धा डबा उरलाय, झाकणावर तारीख लिहून शेडमध्ये ठेवलाय, त्या लाकडी टायरच्या खाली.

भावाला दसऱ्याचा फोटो पाठवला होता. त्याचा लगेच मेसेज आला. गाडी विकण्याचं नाव नाही, फक्त एवढंच, "टायर अगदी बाबांचेच! कुठून मिळवलेस?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.